जाळीच्या दोन तुकड्यांबद्दल, काकूंना

आदरणीय काकू,

साष्टांग नमस्कार.

तुमचे नाव कुठेही छापायचे नाही, अशी शपथ तुम्ही मला घातली आहे, म्हणून हे पत्र नुसते 'काकूंना'. टुटूच्या, म्हणजे बॅले नर्तकीच्या जाळीदार घेराच्या, इतिहासावरचा माझा प्रबंध गेल्या आठवड्यात सादर झाला. त्याच्या ऋणनिर्देशात 'एका नाटकगृहाच्या कपडेपटात आयुष्यभर शिवणकाम केलेल्या निवृत्त बाई' एवढीच तुमची ओळख आली आहे, आणि ती ओळ वाचली की मला अपराधी वाटते. उरलेले इथे लिहिते.

तुमच्या दारी येण्यापूर्वी मी किती दारे वाजवली होती, हे मी तुम्हाला कधी सांगितले नाही. एका संग्रहाच्या अधिकाऱ्यांनी माझ्या चार पत्रांना मिळून दोन ओळींचे उत्तर पाठवले, की जुने पोशाख विद्यार्थ्यांना हाताळू दिले जात नाहीत. हाताळायला मी मागितलेच नव्हते, नुसते काचेआडून जवळून पाहायचे होते. एका विद्वान गृहस्थांनी तर प्रेमाने सुचवले की मी साडीवर लिहावे, ते मला 'सोपे' जाईल. दादरहून लंडनला चाळीस वर्षांपूर्वी आलेल्या आणि त्यातली तीस वर्षे बॅलेच्या घेरांना टाके घालण्यात घालवलेल्या तुमच्यासारख्या बाईला या विषयात काही सांगण्यासारखे असेल, हे त्या गृहस्थांना सुचले नव्हते. खरे सांगायचे तर मलाही सुचले नव्हते. माझ्या मावशीने तुमचा फोन नंबर दिला म्हणून मी आले.

येताना माझ्याकडे पुस्तकी माहितीचे गाठोडे होते. अठराव्या शतकात मारी कामार्गो या नर्तकीने पायांची करामत दिसावी म्हणून घागरा घोट्याच्या वर घेतला. 12 मार्च 1832 रोजी पॅरिसच्या ऑपेरात 'ला सिल्फीद' हे बॅले झाले आणि त्यात नर्तकी मारी तालिओनी पोटरीपर्यंतच्या, घंटेच्या आकाराच्या पांढऱ्याशुभ्र घेरात अवतरली, ज्याचे श्रेय यूजेन लामी या चित्रकाराला दिले जाते. त्या आधी वीसेक वर्षे इंग्लंडमध्ये जॉन हीथकोटच्या यंत्राने हाताची जाळी यंत्रावर आणली होती, म्हणून तलम जाळी मुबलक झाली होती. हे सारे मी तुम्हाला चहा पिता पिता घडाघडा म्हणून दाखवले. तुम्ही शांतपणे ऐकलेत आणि मध्येच विचारलेत, "टुटू म्हणजे काय, ते माहीत आहे का?" फ्रेंच बाळबोलीत ढुंगणाला जो लाडका शब्द आहे त्यावरून हे नाव पडले असे बहुतेक मानतात, असे मी जरा संकोचत म्हटले, तेव्हा तुम्ही इतक्या हसलात की चहा बशीत सांडला.

मग मी एमा लिव्री या नर्तकीचे सांगितले. तालिओनीची लाडकी शिष्या, वीस वर्षांची. त्या काळी रंगमंचावर गॅसचे उघडे दिवे असत आणि सुती जाळीला भडका उडायला ठिणगी पुरे. लंडनच्या ड्रुरी लेन नाटकगृहात डिसेंबर 1844 मध्ये क्लारा वेब्स्टर ही नर्तकी अशीच भाजून गेली होती. कापड क्षारांच्या पाण्यात बुडवून पेट न घेणारे करण्याची कार्तरों यांची पद्धत निघाली होती, 1859 मध्ये फ्रान्समध्ये तिची सक्तीही झाली. एमाने मात्र आपण नेहमीच्याच घेरात नाचू, असे संचालकांना लिहून दिले. 15 नोव्हेंबर 1862 च्या तालमीत तिचा घेर दिव्याजवळ गेला. पुढचे आठ महिने तिने यातनांत काढले आणि जुलै 1863 मध्ये ती गेली. तिच्या पोशाखाचे जळके अवशेष पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात आजही जपून ठेवलेले आहेत. मी या प्रकरणाचा मथळा दिला होता: 'सौंदर्याचा हट्ट'. तुम्ही त्यावर काही बोलला नाहीत. पुढच्या शनिवारी ये, एवढेच म्हणालात.

त्या शनिवारी तुमच्या ओट्यावर टार्लटनचे, म्हणजे घेरांच्या जुन्या विरळ सुती जाळीचे, दोन तुकडे ठेवलेले होते, प्रत्येकी वीतभर. आजची जाळी नायलॉनची असते, म्हणून तुम्ही ट्रंकेतून जुने, खळीचे सुती कापड शोधून काढले होते. एक तुकडा आदल्या रात्री तुरटी आणि टाकणखाराच्या पाण्यात भिजवून, मी येईपर्यंत वाळावा म्हणून हीटरवर पसरून ठेवला होता. "कार्तरोंचे पाणी नेमके हेच नव्हे, पण जात हीच," असे म्हणून तुम्ही मला डोळे मिटायला लावलेत आणि दोन्ही तळहातांवर एकेक तुकडा ठेवलात. एक हातावर आहे की नाही, हे कळत नव्हते. दुसरा पापडासारखा ताठ झाला होता, दुमडला की करकरायचा, आणि बोटांना पिठासारखी भुकटी लागायची. डोळे उघडले तर पहिल्याच्या शेजारी तो मळका, पिवळट दिसत होता. तुम्ही विचारलेत, "आता सांग, परी व्हायचे असेल तर यातले काय नेसून उडी मारशील?"

मी घरी जाऊन तो मथळा खोडला. मोजून अर्ध्या तासाचे हे काम, पण माझ्यासाठी कुणीतरी रात्री झोपण्यापूर्वी तुरटी कुटली, कापड भिजवले आणि सकाळी उठून ते वाळले की नाही पाहिले, यावर माझे मन अजून येऊन अडते. तुम्ही मला ओळखत नव्हता. ज्यांच्या हातात किल्ल्या होत्या, त्यांनी कपाट उघडले नाही, आणि तुम्ही आपली ट्रंक जमिनीवर पालथी केलीत. अशी माणसे जगात असतात, एवढ्यावर मी परक्या शहरातला हिवाळा काढला आहे.

पुढे तुम्ही जे शिकवलेत ते प्रबंधात पानोपानी आहे. चड्डीवर दहा-बारा थर बसवताना खालचा थर वरच्यापेक्षा बोटभर आखूड कसा ठेवायचा, मधे पोलादी तारेचे कडे कुठे ओवायचे, थर एकमेकांना सैल टाक्यांनी कसे बांधायचे. आणि खार्किवमध्ये जन्मलेल्या पोशाखकार बार्बारा कारिन्स्का यांनी 1950 मध्ये न्यूयॉर्कमध्ये नृत्यदिग्दर्शक बॅलन्शिनसाठी हे कडेच काढून टाकले, तेव्हा मोजक्या थरांचा घेर पावडर लावायच्या फुलासारखा कसा फुलला. टुटू खुंटीला उलटा टांगतात, हे तर मी एकाही पुस्तकात वाचले नव्हते. नऊवारीचा काष्टा आणि टुटूची चड्डी यांचे काम एकच, पाय मोकळा ठेवणे, हे तुमचे वाक्य परीक्षकांनी अधोरेखित करून परत पाठवले आहे. ते माझे नाही, असे मी त्यांना कळवले.

ते दोन तुकडे माझ्या वहीत आहेत. कोरा चुरगळला, भिजवलेला अजून तसाच ताठ आहे. तुमचे अंगुस्तान मात्र चुकून माझ्या पिशवीत आले आहे. रविवारी घेऊन येते, बरोबर थालिपीठाची भाजणीही आणते.

तुमची,
शनिवारची विद्यार्थिनी