डब्यावरचे दिवस

चि. सुमित,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली बॅग पोचली. कंपनीची टोपी नानांनी त्याच दिवशी डोक्यावर चढवली आणि ओझरपर्यंत चक्कर मारून आले, जणू नोकरी त्यांनाच लागली. डायरी मी ठेवून घेतली आहे, कशाला ते पुढे सांगते.

फोनवर म्हणालास, "तासगावचा पट्टा मिळालाय आई, सगळा द्राक्षांचाच, घरच्यासारखंच वाटतंय." ऐकून बरं वाटलं. पण त्यानंतर जे मनात आलं ते तेव्हा बोलता आलं नाही, नाना शेजारीच बसले होते. म्हणून हे पत्र.

फळासाठीची गोडी छाटणी उरकली, नवे पोंगे फुटले आणि नेमका परवा रात्री पाऊस झाला. तुला माहीतच आहे मग काय होतं. पहाटे चारला फवारणीच्या ब्लोअरचा आवाज, गल्लीभर तो वास, आणि प्रत्येकाच्या तोंडी त्या बुरशीचा एकच प्रश्न, "डाऊनी दिसला का?" बुरशीनाशक असो की कीटकनाशक, आपल्याकडे फवारण्याला औषध मारणं म्हणतात. तुझ्या नोकरीलाही लोक "औषध कंपनीत लागला" असंच म्हणतात. सुरेखा मावशीला तर तू दवाखान्याची औषधं विकतोस असं वाटलं होतं, आणि मीही तिला लगेच दुरुस्त केलं नाही.

मावशीवरून सांगायची गोष्ट आठवली. तू तेव्हा राहुरीला होतास, म्हणून तुला माहीत नाही. फेब्रुवारी होता. एक्सपोर्टचा प्लॉट निघून गेला होता आणि मागचा दोन एकर लोकलचा राहिला होता. व्यापाऱ्याने भाव ठरवला, आठ दिवसांत काढतो म्हणाला, आणि त्याच दिवशी घडात मिलीबग, ती पांढरी चिकट कीड, दिसली. नाना दुकानात गेले. दुकानदाराने डबा काढून दिला. त्याच्याकडे आपली वर्षभराची उधारी होती, आणि ज्याची उधारी त्याचाच सल्ला, हे तू आता पलीकडच्या बाजूने बघशीलच. फवारलं. व्यापाऱ्याची गाडी ठरल्याच्याही आधी, पाचव्या दिवशी आली. डब्यावर फवारणी आणि काढणी यांत जेवढे दिवस सोडायला सांगितले होते, ते भरायला अजून दोन आठवडे हवे होते. नानांनी ते वाचलं होतं, मीही वाचलं होतं. गाडी भरून दिल्लीला गेली.

त्यातलाच एक क्रेट मी मावशीकडे नाशिकरोडला पाठवला, दरवर्षी पाठवते तसा. चार दिवसांनी मी तिकडे गेले तर तिची नात, तीन वर्षांची, क्रेटमध्ये हात घालून एकेक मणी तोंडात टाकत होती. मावशी कौतुकाने सांगत होती, "दुसरं काही खातच नाही, आजीची द्राक्षं तेवढी खाते." मी तिच्या हातातला घड काढून घेतला, नळाखाली धरला आणि परत दिला. फवारल्यावर पाचव्याच दिवशी काढलंय हे सांगायला तोंड उघडलं नाही.

तिला काही झालं नाही. आज चांगली शाळेत जाते. पण खरी अडचण हीच आहे, सुमित. त्याच दिवशी उलटी झाली असती तर दुसऱ्या दिवशी बाजार समितीत बोंब झाली असती. मोठ्या माणसाने तो घड खाल्ला आणि तेवढाच घड बारा किलोच्या पोरीने खाल्ला, तर वजनाच्या मानाने तिच्या अंगात किती पटीने जास्त जातं, हे बीएस्सी ॲग्रीवाल्याला मी सांगायला नको. आणि ती काय फक्त द्राक्षंच खाते? टोमॅटो, कोबी, दूध, अंडी, प्रत्येकात थोडं थोडं. वीस वर्षांनी कुणाला काही झालं, तर ते कुठल्या मळ्यातल्या कुठल्या डब्याचं, हे कोण शोधणार?

धुण्याचंही सांगते, कारण लोक तुला विचारतील. पानावर, मण्यावर वरवर बसणारं औषध धुतल्यावर बऱ्यापैकी जातं. आंतरप्रवाही असेल तर ते सालीच्या आत शिरलेलं असतं, त्याला नळ काय करणार? त्याला फक्त दिवस लागतात. डब्यावरचे ते दिवस.

एक्सपोर्टला आपण हे दिवस किती कसोशीने पाळतो! सरकारच्या निर्यात संस्थेच्या, अपेडाच्या, ग्रेपनेटवर प्लॉटची नोंद, प्रत्येक फवारणीची तारीख, काढणीआधी लॅबचा माणूस येऊन नमुना नेतो, रिपोर्ट येईपर्यंत घराला जेवण गोड लागत नाही. 2010 साल तुला आठवत असेल, तू लहान होतास पण घरातला सुतकी चेहरा लहान मुलालाही कळतो. क्लोरमेक्वॅट, आपण ज्याला सीसीसी म्हणतो ते, एप्रिलच्या छाटणीनंतर काडीची वाढ रोखायला सगळेच मारायचे. इथल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं, म्हणून माल इथून पास होऊन गेला आणि युरोपात पकडला गेला. त्यांची मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे एक टन द्राक्षांत पन्नास मिलिग्रॅम. कंटेनर अडकले, पैसे अडकले, पिंपळगावपासून दिंडोरीपर्यंत शिव्यांचा पाऊस पडला. मीही दिल्या. गोऱ्यांची नाटकं, भाव पाडायचे धंदे, सगळं बोलून झालं. आज वाटतं, त्यांच्या पोरांसाठी कुणीतरी टनात पन्नास मिलिग्रॅम शोधत बसलं होतं. मावशीच्या नातीसाठी कोण बसलंय?

आता तू म्हणशील, आई, मग फवारूच नका. ते मी करून पाहिलंय. त्या क्रेटनंतरच्या वर्षी विहिरीकडचे चार वेल घरच्यासाठी म्हणून वेगळे ठेवले, नानांना हात लावू दिला नाही. ऑक्टोबरात सलग तीन दिवस पाऊस झाला आणि पानाखाली पांढरी बुरशी, मग घड काळे, मग नुसत्या काड्या. वर नाना म्हणाले, तुझ्या चार वेलींवरून रोग सगळ्या बागेत गेला. खोटं नव्हतं ते. पावसाळी हवेत थॉम्सनसारखं बिनबियांचं, पातळ सालीचं, सगळीकडे एकाच जातीचं पीक एकरच्या एकर लावायचं आणि त्याला काही मारायचं नाही, हे जमत नाही. तुझी आजी भोकरी द्राक्षांची आठवण काढायची, बियांची, आंबटगोड. पण गिऱ्हाइकाला लांबट, टपोरा, काचेसारखा मणी हवा, म्हणून मणी फुगवणाऱ्या संजीवकात, जीएत, घड बुडवायचे आणि घडाला कागद गुंडाळायचा. तुझ्या तासगावात बेदाण्यालाही रंग हवा म्हणून गंधकाची धुरी देतात. दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. पण एकट्या गिऱ्हाइकाचा आहे असं म्हणून मी स्वतःला सोडवूनही घेणार नाही.

शेजारच्या कोंबड्यांच्या शेडचंच बघ. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं, आणि चाळीसेक दिवसांत कोंबडी गाडीत. तिथेही औषधाचा शेवटचा डोस आणि कापणी यांत दिवस सोडायचे असतात. गाडी आली की ते दिवस कोण मोजतं? कोलिस्टिन नावाचं अँटिबायोटिक, माणसावर दुसरं काही चालेना की डॉक्टर शेवटी काढतात ते, कोंबड्यांना द्यायला 2019 मध्ये सरकारला बंदी घालावी लागली. म्हणजे तोवर दिलं जात होतं.

मातीचंही राहिलं. बोर्डो तर सगळ्यांत साधं, मोरचूद आणि चुना. फ्रान्सात म्हणे रस्त्याकडेच्या वेलींवर ते चोरांनी द्राक्षं खाऊ नयेत म्हणून शिंपडायचे आणि त्याच वेली रोगातून वाचल्या, तिथून ते औषध झालं. पण मोरचुदातलं तांबं मातीत विरत नाही, वर्षानुवर्षं साचत जातं. पूर्वी कुदळ मारली की ढेकळागणिक गांडूळ निघायचं, आता नानांना मासे धरायला गळाला लावायचं म्हटलं तर नाल्याकाठी जावं लागतं. आणि तो नाला कादवेला मिळतो, कादवा पुढे नांदूर मध्यमेश्वरला गोदावरीत. सहावीच्या सहलीत तू तिथे पक्षी बघून आलास आणि आठवडाभर त्यांचीच चित्रं काढलीस. 2020 मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगाच्या यादीतली महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. पेपरात आलं तेव्हा नाना म्हणाले, आपल्या गावचं नाव जगात गेलं. मी मनात म्हटलं, आपल्या नाल्याचं पाणीही तिकडेच जातं.

नोकरी सोड असं मी म्हणत नाही. तुझ्या शिक्षणाचं कर्ज याच बागेने फेडलं, याच औषधांवर जगलेल्या. फक्त तुझं टार्गेट मार्चअखेरचं असणार आणि काढणीही तेव्हाच असते, एवढं मला दिसतं. एखादा नानांसारखा माणूस घाबऱ्या घाबऱ्या डबा मागायला येईल, गाडी पाच दिवसांवर आलेली असेल. त्याला दिवस तूच सांगायचे, त्याने विचारायच्या आधी. "आता काही मारू नका, मिलीबगचे चार घड कापून टाका" म्हटलास तर विक्री शून्य होईल, ठाऊक आहे. आणि फवारणाऱ्या मजुरांशी बोलत जा. यवतमाळात 2017 ला कपाशी फवारताना वीसहून अधिक माणसं गेली. डब्यावर त्यांच्यासाठीही लिहिलेलं असतंच, मास्क आणि हातमोजे. आपल्या संतूला आपण किती वर्षं नुसता रुमाल बांधून पाठवलं, हे आठवलं की मला घास जात नाही. आता मास्क आणलाय. घालत नाही, गुदमरतं म्हणतो, रोज भांडण.

तुझ्या डायरीचं सांगायचं राहिलं. तिच्यात मी मागच्या दोन एकराच्या फवारण्या लिहायला लागले आहे, लोकलच्या. नाना हसतात, "कोण बघणारे ते? लॅबवाला येतोय का तिकडे?" कुणी नाही येत. मी लिहिते. या वर्षी व्यापाऱ्याला तारीख मी सांगणार आहे, आणि मावशीचा क्रेट त्याच्यानंतर निघेल. व्यापारी ऐकेल की शेजाऱ्याच्या बागेत जाईल, ते फेब्रुवारीत कळेल.

एक काम कर. तू नमुना म्हणून पाठवलेली ती नवी बाटली नाना उद्या मारू म्हणतायत. तिच्यावरचं अक्षर इतकं बारीक आहे की माझ्या चष्म्यातूनही दिसत नाही, आणि मराठीचा कागद आतून ओला होऊन चिकटलाय. द्राक्षासाठी किती दिवस लिहिलेत ते नीट वाचून रात्री फोन कर. नऊनंतर कर, तेव्हा नाना बातम्या लावतात.

तुझी,
आई