तारलीचं पिल्लू

प्रिय बाळ,

परवा फोनवर रडालतीस ते काय माझ्या डोक्यातून जाईना. महिनाभर मायक्रोस्कोपला डोळे लावून बसलीस, माशांच्या पिल्लांना तारली म्हणून लेबल लावलीस आणि बाटलीतली अर्धी पिल्लं अँकोवी म्हणजे दुसऱ्याच माशाची निघाली, वाईट वाटणारच की गे.

गणपतीला ठेवून गेलेली तुझी वही काल रात्री परत काढून वाचलो. बांगड्याचं पिल्लू सोपं, डोकं मोठं, डोळे मोठे, पोट आखूड. पण तारली आणि अँकोवी दोन्ही काचेच्या सुईसारखी, आतडं सरळ नळीसारखं. जरा मोठी झाली की पाठीवरचा पर खालच्या पराच्या आधीच संपला तर तारली, दोन्ही पर वरखाली समोरासमोर आले तर अँकोवी, हे तूच लिहिलीयस. पर फुटायच्या आधीची पिल्लं तू अंदाजानं टाकलीस असं मला वाटतंय. तिथं स्नायूंच्या पट्ट्या मोजायच्या, गुदद्वार कितव्या पट्टीखाली येतंय ते बघायचं, मायक्रोस्कोपखाली दुसरा सोपा रस्ता नाही.

आपल्या तरव्यात भातासारखंच गवत येतंय ना, लांबनं काय कळत नाही, पात देठाला मिळते तिथला पांढरा पापुद्रा बघावा लागतो, तो भाताला असतो आणि त्या गवताला नसतो. तुझी आजी प्रत्येक काडी वाकवून बघायची, दिवस गेला तरी चालेल म्हणायची.

अंड्याचं पण तसंच. स्टोलेफोरस म्हणजे अँकोवीतलाच एक प्रकार, त्याचं अंडं लांबट, ते कळतंय. तारलीचं गोल, आत मोकळी जागा भरपूर आणि तेलाचा एकच थेंब, पण गोल अंडं आणि एक थेंब कितीतरी माशांचा असतो, म्हणून थोडी अंडी समुद्राच्या पाण्यात जिवंत ठेव, दिवसभरात फुटतात ना, मग पिल्लू बघूनच नाव लिही. चित्र पण तवाच काढ, पिल्लं टिकवायच्या फॉर्मालिनमध्ये पिवळा-तांबडा रंग जातोय, काळे ठिपके तेवढे राहतात, आणि पिल्लू आखडतं पण.

१ जून ते ३१ जुलै मोठ्या बोटी बंद असतात ते ह्याच अंड्यांसाठी. तारली कुठं आणि कवा अंडी घालते हे तुझ्या बाटलीतनंच कळणार, म्हणून चुकीचं नाव नको. जे कळत नाही त्याच्यापुढं 'ओळख पटली नाही' असं सरळ लिही, सर काय म्हणतील ते म्हणू देत. आणि थोडी पिल्लं अल्कोहोलमध्ये वेगळी ठेव, डीएनए बघायला तीच लागतात म्हणालतीस.

नवीन तांदूळ आणि आईचं मेतकूट शनिवारी पाठवतो. पट्ट्या किती आल्या ते फोन करून सांग.

तुझा बाबा