ताई, पाना माझ्याच हातात राहू दिलात

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही घर बदलून गेल्यापासून हे पत्र मनात घोळतंय. फोनवर आभार मानून झाले, पण तेवढ्याने माझं भागत नाही. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण गाडीचं बॉनेट उघडायला बिचकणारी माझ्यासारखी पुष्कळ माणसं असतील. शिकवणारं माणूस कसं असतं, ते त्यांनाही कळू दे.

त्या सकाळी गाडी सुरूच होईना. किल्ली फिरवली की नुसतं टक्-टक् वाजायचं आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंद व्हायचे. आदल्याच आठवड्यात एका गॅरेजमध्ये मला ‘सेल्फ बदलावा लागेल’ असं सांगितलं होतं, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटरच बदलायची. मी मान डोलावली होती, कारण नाही म्हणण्याइतकंही मला काही कळत नव्हतं. तुम्ही जिना उतरत होतात. थांबून तो आवाज ऐकलात आणि विचारलंत, “बॅटरी मोजलीस का?”

बॅटरी मोजता येते हेच मला ठाऊक नव्हतं. तुम्ही घरातून मल्टिमीटर आणलात आणि माझ्या हातात दिलात. १२.५ व्होल्ट. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ दाखवते, म्हणजे बॅटरी शाबूत होती. मग तुम्ही मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसच्या खांबावर धरायला लावलंत आणि दुसरं त्याच खांबावर बसलेल्या क्लॅम्पवर, म्हणजे जाड तारेच्या टोकाच्या धातूच्या पकडीवर. दोन्हींत जेमतेम बोटभर अंतर. “मी सेल्फ मारते, तू आकडा बघ.” आकडा शून्याच्या आसपास राहायला हवा होता. तो ३ च्या वर गेला. “बॅटरीत जीव आहे रे, वाटेतच अडतोय,” तुम्ही म्हणालात. क्लॅम्प काढून पाहिला तर आत पांढरट-हिरवी पूड साचून कडक झालेली. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ती धुतली, तारेच्या ब्रशने खांब चकचकीत होईपर्यंत घासला, क्लॅम्प घट्ट आवळला. पहिल्याच सेल्फला गाडी सुरू झाली. तोच जुना सेल्फ आजही चालतोय.

पण त्या दिवशीची माझी खरी कमाई वेगळी. क्लॅम्प काढण्याआधी तुम्ही विचारलं होतंत, “आधी कुठला काढशील?” मी म्हणालो, कुठलाही. त्यावर तुम्ही नियम सांगून मोकळ्या झाला नाहीत. “प्लसचा नट सोडवताना पाना चुकून गाडीच्या पत्र्याला टेकला, तर काय होईल?” एवढंच म्हणालात आणि गप्प उभ्या राहिलात. पत्रा मायनसला जोडलेला असतो, म्हणजे बॅटरीचा सगळा करंट त्या पान्यातून धावणार, हे माझं मला सुचायला चांगली पाच मिनिटं लागली. मायनस आधी सोडवला की पत्र्याचा संबंधच तुटतो. म्हणून काढताना मायनस आधी, बसवताना मायनस शेवटी. हे मी पाठ केलेलं नाही, त्यामुळे विसरणंही शक्य नाही.

नंतरच्या रविवारी टायर बदलणं झालं. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करायचे, कारण जॅकवर चढवल्यावर चाक फिरतं आणि गाडी डुलते. बसवताना प्रत्येक नट दोन-तीन आटे नुसत्या बोटांनी फिरवायचा. बोटांनी फिरत नसेल तर तो तिरका बसलाय, तिथे पान्याचा जोर लावला की आटे गेलेच. मग समोरासमोरचे नट आलटून-पालटून आवळायचे आणि ५०-१०० किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा तपासायचे.

तुमचा आवाज चढलेला मी एकदाच ऐकला. गाडी जॅकवर होती आणि खाली घरंगळलेला वॉशर घ्यायला मी खांद्यापर्यंत आत वाकलो होतो. “बाहेर हो आधी!” मी बाहेर आलो, तेव्हा तुमचा चेहरा पांढरा पडला होता. जॅक फक्त उचलायला असतो, तोलून धरायला स्टँड लागतो, हे तुम्ही त्यानंतर अगदी हळू आवाजात समजावलंत. त्या ओरडण्याबद्दल तुम्ही नंतर माफी मागितलीत. ताई, ती मागायला नको होती. या सगळ्या पत्रात सर्वांत मोठे आभार त्या ओरडण्याचेच आहेत.

ऑइल बदललं तो दिवस तर मला मिनिटामिनिटाने आठवतो. जुनं ऑइल डब्यात उतरवलं, ड्रेन प्लगला, म्हणजे ऑइल सोडायच्या खालच्या बुचाला, नवा वॉशर घालून तो बसवला, जुना फिल्टर काढला. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटाने ताजं ऑइल लावलं आणि आता तो चढवणार, तोच तुम्ही विचारलंत, “जुन्या फिल्टरचं रबर कुठे आहे?” मी जुना फिल्टर उलटा करून पाहिला. त्यावर रिंग नव्हतीच. टॉर्च मारला तर ती वर इंजिनलाच चिकटून बसलेली, काळ्यावर काळी, दिसेल न दिसेल अशी. तिच्यावरच नवी रिंग चढली असती, तर इंजिन सुरू झाल्यावर ऑइलच्या दाबाने ती जोडी सरकली असती आणि सगळं ऑइल जमिनीवर आलं असतं. तुम्हाला ती केव्हाच दिसली होती. तरी तुम्ही हात पुढे केला नाहीत, माझी नजर तिथे पोचेपर्यंत थांबलात. मी ती नखाने सोडवली, जागा पुसली, फिल्टर हाताने फिरवत रबर टेकेपर्यंत नेला आणि पुढे आणखी पाऊण फेरा दिला. ते काम माझ्या हातून झालं. तुम्ही ते माझ्या हातून होऊ दिलंत.

कितीतरी माणसं मदत करतात ती हातातलं काम काढून घेऊन. त्यांचा हेतू चांगलाच असतो, पण आपण होतो तिथेच राहतो. तुमच्याकडे माझ्या दसपट कौशल्य होतं. तेच काम तुम्ही दहा मिनिटांत उरकू शकला असतात, आणि तरी माझ्यापायी अख्खी दुपार उन्हात काढलीत.

गेल्या महिन्यात रात्री, भर पावसात, टायर बसला. गाडीत मी एकटाच होतो. सपाट जागा बघून गाडी लावली, हँडब्रेक ओढला, चाकामागे दगड लावला आणि नट जमिनीवरच सैल केले. अंधारात आटे बोटांना नीट लागत होते. दुसऱ्या दिवशी नट पुन्हा आवळले आणि तुम्ही लावलेल्या सवयीप्रमाणे वहीत तारीख आणि किलोमीटर लिहिले.

त्याच वहीत ब्रेक पॅडचं पान अजून कोरं आहे. “ब्रेकला माझ्यासमोरच हात लावायचा,” असं तुम्ही बजावलं होतंत, ते मी पाळतोय. पॅड अजून ५ मिलिमीटर शिल्लक आहेत, त्यामुळे घाई नाही. नवे आणून ठेवलेत, खोका उघडलेला नाही. तुम्हाला सवड असेल तो रविवार सांगा. स्टँड मी लावून ठेवेन, पण तपासायचे तुम्हीच.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा विद्यार्थी