दह्याच्या कप्प्यातली फिल्म

आदरणीय डेअरीवाले मामा,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, हे मला ठाऊक आहे. चष्मा गल्ल्यात ठेवून दिवसभर शोधायची तुमची सवय. तेव्हा मोबाईलवर जो कुणी वाचून दाखवेल त्यानं जरा मोठ्यानं वाचावं, तुमच्या डोक्यावरचा पंखा लई आवाज करतो.

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये, भर दुपारी, मी तुमच्याकडं ताक प्यायला थांबले होते. हातात आठ फोटो होते आणि आठही हळद लागल्यासारखे पिवळे. अशोक चौकाजवळच्या एका कारखान्यात टॉवेलचे माग टिपायला गेले होते आणि फिल्मचं पाकीट तासभर स्कूटीच्या डिकीत विसरले होते. पोलरॉइडची, म्हणजे काढल्या काढल्या फोटो हातात देणाऱ्या कॅमेऱ्याची, फिल्म १३ ते २८ अंशांत वापरा, असं बनवणारे सांगतात. २८ अंश सोलापुरात एप्रिलमध्ये पहाटे मिळतात, तेही नशीब असेल तर. आत्यानं अमेरिकेहून जुना कॅमेरा आणून दिला तेव्हा हे गणित आमच्यापैकी कुणीच केलं नव्हतं.

तुम्ही विचारलंत, "एका फोटोला किती पडतात?" मी सांगितलं. "म्हणजे दोन लिटर म्हशीचं," असं म्हणून तुम्ही एक फोटो उचललात आणि खालची पांढरी पट्टी बोटानं दाबून बघितलीत. "हितं एवढी जाड का?"

आजवर माझे फोटो बघणाऱ्यांनी हा प्रश्न कधीच विचारला नव्हता. त्या पट्टीत रसायनाची चपटी पुडी असते. फोटो कॅमेऱ्यातून बाहेर येताना दोन रुळांमधून जातो, पुडी फुटते, आतली लापशी सगळ्या कागदावर सारखी पसरते आणि थरांमधले रंग हळूहळू वर सरकतात. दहा-पंधरा मिनिटांत चित्र. उन्हात हे काम घाईनं होतं आणि पिवळट-तांबूस झाक येते, गारठ्यात रेंगाळतं आणि फोटो फिका, हिरवट राहतो. एवढं सांगून मी ताकाचा ग्लास तोंडाला लावला.

तुम्ही म्हणालात, "मग विरजणच की हे. उन्हाळ्यात चार तासांत लागतं पण आंबट होतं. थंडीत रात्रभर लागतच नाही. ठेव की पोरी हितं, दह्याच्या कप्प्यात."

मामा, आभार मानायचे आहेत ते या वाक्याचे. फ्रिजमधल्या जागेचे तर आहेतच. दोन उन्हाळे माझी पाकिटं तुमच्या मडक्यांशेजारी राहिली, एक पैसा घेतला नाहीत, लाईट गेली की त्यांच्यावर ओलं पोतं टाकलंत. पण तोवर मी तापमानाला शत्रू समजत होते, आणि विरजण लावणारा माणूस तसं समजत नाही. तो ऋतू बघून हात ठरवतो. त्या दिवसापासून मी प्रत्येक गोष्टीचे दोन फोटो काढू लागले. एक तिथंच, पत्र्याखालच्या उकाड्यात पालथा ठेवून उमटू द्यायचा. दुसरा बर्फाच्या डब्यात घालून तुमच्याकडं पळवायचा. तोच माग, तीच बाई, तोच गुलाबी टॉवेल. एकात भट्टी पेटल्यागत, दुसऱ्यात पाण्याखाली गेल्यागत.

फोटो नुसता 'चांगला यावा' यापलीकडं या माध्यमात लोकांनी पुष्कळ खटाटोप केलाय. लुकास समारास नावाचा कलाकार १९७३ पासून पुढची काही वर्षं स्वतःचेच फोटो काढायचा आणि आतली लापशी ओली असतानाच वरून दाबून, खरवडून चेहरा वितळवून टाकायचा. हे सांगितल्यावर तुम्ही म्हणाला होता, "पैसे देऊन घ्यायचं आणि नासवायचं?" मी म्हटलं, पनीर कसं करता? त्यावर तुम्ही गिऱ्हाईकाकडं वळलात, म्हणजे मी जिंकले असं मी धरते.

हा कॅमेरा शोधून काढणाऱ्या, पोलरॉइड कंपनीच्या एडविन लँडची गोष्टही तुमच्याच बाकावर बसून सांगितली होती. १९४३ मध्ये सुट्टीत त्याच्या तीन वर्षांच्या लेकीनं विचारलं, फोटो आत्ताच का दिसत नाही? १९४७ मध्ये त्यानं न्यूयॉर्कमध्ये तो कॅमेरा करून दाखवला आणि पुढच्या वर्षी बोस्टनच्या एका दुकानात विकायला ठेवला. ही गोष्ट तुमच्या नातीला आवडली. तुम्हाला आवडली ती पुढची. २००८ मध्ये कंपनीनं फिल्म बनवणं थांबवायचं जाहीर केलं, तेव्हा नेदरलँड्समधल्या एन्शेडे गावचा शेवटचा कारखाना मोडीत निघणार होता. थोड्या माणसांनी तिथली यंत्रं घेतली. जुनी रसायनं मिळेनात, म्हणून कृती नव्यानं बसवली आणि २०१० मध्ये फिल्म पुन्हा बाजारात आणली. एन्शेडे हेही एकेकाळी कापड गिरण्यांचंच गाव. तुमचे वडील सोलापूरच्या 'जुनी मिल'मध्ये होते, ती बंदच पडली. तुम्ही बराच वेळ फडक्यानं काटा पुसत राहिलात. मग म्हणालात, "आपल्याकडं असं कुणी का नाही केलं?" मला उत्तर आलं नाही. अजूनही येत नाही.

आता एक तक्रारही. या फोटोंना निगेटिव्ह नसते, जो कागद हातात आला तोच एकुलता एक. म्हणून ज्यांचा फोटो, त्यांना जोडीतला एक द्यायचा असं मी ठरवलं होतं, निवड त्यांची. कांड्या भरणाऱ्या मावशींपुढं दोन्ही ठेवले. त्यांनी पिवळा उचलला, "बागुंदी" म्हणाल्या, म्हणजे तेलुगूत 'छान आहे', आणि पदरानं पुसला. त्यानंतर एकूण एक बाईनं पिवळाच उचलला. हिरव्यात माणूस आजारी दिसतं म्हणे. त्यामुळं माझ्याकडं आज जे आहे ते सगळं तुमच्या फ्रिजमधलं, गार, हिरवं. उन्हाळा साखर पेठेपासून अशोक चौकापर्यंत लोकांच्या भिंतींवर, देवाच्या फोटोशेजारी लागलाय. माझं निम्मं काम बघायचं तर दारोदार चहा प्यावा लागेल.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, जानेवारीत, नंदीध्वजांचे, त्या उंच सजवलेल्या काठ्यांचे, फोटो काढले तेव्हा फ्रिज लागला नाही. हवाच झकास होती, रंग जसेच्या तसे आले. तरी सवयीनं डेअरीवर आले आणि उगाच अर्धा लिटर दूध घेऊन गेले.

तुमचा मात्र एकही फोटो माझ्याकडं नाही. दर वेळी तेच, "दोन लिटर दूध माझ्या थोबाडावर घालवू नको." कॅमेऱ्यातल्या पाकिटात आत्ता शेवटची फिल्म उरलीय. जोडी होणार नाही, एकच निघेल. गुरुवारी संध्याकाळी येते. शर्ट बदलू नका, आणि फोटो कुठं ठेवायचा, बाकावर की दह्याच्या कप्प्यात, ते तुम्हीच ठरवा.

तुमची,
स्कूटीवाली