कार्ब्युरेटर उघडण्याआधी व्हॉल्व्ह तपासा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुना गार्डन ट्रॅक्टर सुरू होईना, की पहिली कुऱ्हाड कार्ब्युरेटरवर पडते. तो खोलायचा, जेट फुंकायचे, नवा किट बसवायचा; तरी इंजिन जैसे थे. मग पुढचे निदान ठरलेलेच: ‘रिंगा गेल्या, बोअर करा’ (पिस्टनच्या रिंगा झिजल्या, सिलिंडर आतून कापून घ्या). दुरुस्तीवर छापून येणाऱ्या बऱ्याच सल्ल्यांतही हाच क्रम असतो. त्यात धडधाकट इंजिने भंगारात जातात, म्हणून हे पत्र.

अशा ट्रॅक्टरांतली कोहलर कंपनीची के मालिका किंवा ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनची जुनी एकसिलिंडरी इंजिने यांत व्हॉल्व्ह हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या झाकणात, नसतात. ते सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्ये उभे असतात. झिजले की सैल होते, हा आपला नेहमीचा अनुभव इथे उलटा पडतो. व्हॉल्व्हची कड आणि सीट (तो टेकतो ती बैठक) झिजली की व्हॉल्व्ह खाली बसतो, दांडीचे टोक टॅपेटच्या (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या खुंटीच्या) जवळ येते आणि मधली फट कमी होत जाते. खडखड वाढत नाही, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही. इंजिन तापले की दांडी लांबते, फट संपते, व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गळते. एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकूनच सोडतो; टेकणे थांबले की त्याची कड जळते. ‘थंड असताना चालू होते, बंद केल्यावर गरम असताना होत नाही, अर्ध्या तासाने पुन्हा होते’ ही तक्रार ऐकली, की पाना आधी व्हॉल्व्हच्या झाकणाला लावावा.

फट मोजताना प्लगची वायर काढून बाजूला बांधा. कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात पिस्टन वर आणा आणि तिथे न थांबता पाव इंच, म्हणजे दोन सूत, खाली जाऊ द्या. चालू करताना जोर कमी लागावा म्हणून या इंजिनांच्या कॅमवर व्हॉल्व्ह किंचित उचलून धरण्याची सोय असते. तिच्या टप्प्यात मोजले तर माप खोटे येते. कोहलरच्या के २४१ ते के ३२१ या इंजिनांना थंड असताना इनलेटला ८ ते १० थाऊ आणि एक्झॉस्टला १७ ते २० थाऊ फट लागते (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). ब्रिग्जची मापे मॉडेलनुसार बदलतात, ती मॅन्युअलमधूनच घ्यावीत. फट जास्त झाली तरी त्रास आहेच. ब्रिग्जमध्ये मग ती उचलण्याची सोय व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही, आणि स्टार्टर अर्धा फेरा मारून अडकतो. अशा वेळी लोक बॅटरी बदलतात.

कोहलरच्या या इंजिनांत टॅपेटला स्क्रू असतो, काम सोपे. ब्रिग्जमध्ये तो नसतो. दांडीचे टोक घासूनच फट वाढवावी लागते. इथे क्रम चुकवू नका. आधी घासायची पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर घासायचा, सलग राखाडी पट्टी दिसली की थांबायचे, पेस्ट रॉकेलने निपटून काढायची आणि मगच टोकाला हात लावायचा, कारण सीटवर घासले की फट आणखी कमी होते. टोक काटकोनात राहायला हवे. एकदोनदा घासले की व्हॉल्व्ह बसवून मोजा. जास्त घासले गेले तर ते परत येत नाही. आणखी एक: स्प्रिंग दाबण्याआधी व्हॉल्व्हच्या खोलीतले तेल परत जाण्याचे भोक चिंधीने बंद करा. स्प्रिंगचा लॉक त्यातून खाली गेला, तर तो काढायला अख्खे इंजिन उघडावे लागते.

कॉम्प्रेशन गेजवर विसंबू नये. कोहलरच्या बहुतेक के इंजिनांत मिनिटाला सुमारे ६५० फेऱ्यांखाली एक्झॉस्ट व्हॉल्व्ह थोडा उघडाच राहतो, त्यामुळे स्टार्टरवर फिरवून घेतलेले माप निरोगी इंजिनातही कमीच दिसणार. त्यापेक्षा पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात अगदी वर आणून फ्लायव्हील पान्याने घट्ट धरा, नाहीतर हवा ते जोरात फिरवील, आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनलेट, ब्रीदरमधून (क्रँककेसची हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेतून) जोरात आली तर रिंगा. हेडच्या कडेला साबणाचे पाणी लावून बुडबुडे आले तर गास्केट. बोअरचा निर्णय यानंतर घ्यावा.

हेड काढलेच आहे तर ते सपाट आहे का पाहा. कोहलरमध्ये ३ थाऊपेक्षा जास्त वाकडे चालत नाही. जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवले की किरकोळ वाकडेपणा जातो. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असू शकतात, म्हणून पुठ्ठ्याला हेडसारखी भोके पाडून त्यात क्रमाने खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तो तळाला टेकतो, टॉर्क पाना ‘झाले’ म्हणतो आणि हेड मात्र सैलच राहते. हेड वाकडे होण्याचे मूळ बऱ्याचदा पत्र्याच्या आवरणाखाली असते: फिन्समध्ये ठासलेले गवत आणि उंदराचे घरटे.

पॉइंटची (ठिणगी पाडणाऱ्या स्विचची) फट कोहलरला २० थाऊ. ती नेहमी पॉइंट पूर्ण उघडे असताना लावायची. फट बदलली की टायमिंगही सरकते. नवे पॉइंट लगेच काळे पडत असतील तर ते उघडणाऱ्या ढकलदांडीजवळून तेल झिरपतेय का पाहा, नंतर कंडेन्सरकडे वळा.

कार्ब्युरेटरबद्दल एवढेच, की मेन नीडल (पेट्रोलचे प्रमाण ठरवणारा टोकदार स्क्रू) हलक्या हाताने टेकवून दीड-दोन फेरे उघडायची आणि इंजिन गरम करून बारीक जुळवायची. आवळून बसवली की तिच्या टोकाला कंगोरा पडतो, मग ती कधीच नीट लागत नाही.

ऑइल मात्र गंभीरपणे घ्यावे. या इंजिनांना ऑइल फिल्टर नसतो. कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा, वेगळे बेअरिंग नाही, आणि त्याच्या टोकाची पळी जेवढे तेल उडवील तेवढेच वंगण. पातळी उतरली किंवा तीव्र उतारावर तेल एका बाजूला गेले, तर रॉड धरतो, मोडतो आणि ब्लॉकला भगदाड पाडतो. दर २५ तासांनी तेल बदला, इंजिन गरम असताना. के २४१ ते के ३२१ पैकी ज्यांत बॅलन्स गिअर (थरथराट कमी करणारे) आहेत, त्यांच्याकडे इंजिन उघडल्यावर विशेष लक्ष द्यावे. त्यांचे नीडल बेअरिंग झिजून गिअर फुटला, तर तुकडे क्रँककेस फोडतात. अनेक जुने मेकॅनिक ते काढूनच टाकतात. थोडा थरथराट वाढतो, पण तो परवडतो.

आपला,
एक वाचक