दोन पात्रांचं नाटक सोपं समजू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राज्य नाट्य स्पर्धेचे दिवस जवळ आले की आपल्याकडच्या हौशी संस्था दोन पात्री संहिता शोधू लागतात. पन्नाशीतली विधवा बाई, एकटा राहणारा गृहस्थ, बागेतला बाक, दोन कप चहा. माणसं कमी, खर्च कमी, तालमी जुळवायला सोप्या, असा हिशेब असतो. तो चुकतो आणि उतारवयातल्या सोबतीच्या विषयाची माती होते.

सगळ्यात मोठी चूक पात्रनिवडीत. तिशीच्या नटाच्या केसांत टाल्कम पावडर घालून पन्नाशी येत नाही. दिव्याखाली पावडर सगळीकडे सारखीच राखाडी दिसते, खांद्यावर सांडते, नायिकेच्या ब्लाउजला लागते. रंगवायचंच तर फक्त कानशिलं, तीही ब्रशने. बावन्न वर्षांचा माणूस कंबरेत वाकत नाही. खुर्चीतून उठताना त्याचा हात गुडघ्यावर जातो, मोबाइल वाचताना लांब धरला जातो, वय तिथे दिसतं. खोकत, वाकत नायक आला की प्रेक्षक हसतात आणि मग त्याने तिचा हात धरला तरी हसतात. हरिपूरच्या नाटककार गो. ब. देवलांनी १८९९ साली 'शारदा' नाटकात ज्या म्हाताऱ्या नवरदेवावर, भुजंगनाथावर, कोरडे ओढले, त्याच्या पदरात कोवळी पोर बांधली जात होती. इथे दोघंही जाणती, बरोबरीची आहेत. त्यांना त्याच हशात लोटणं अन्यायाचं आहे.

दुसरी अडचण पाठांतराची. अशा संहितेत 'चहा घेणार?', 'मग?', 'बरं' हे शब्द चार-चार वेळा येतात. तिसऱ्या प्रवेशातल्या 'चहा घेणार?'ला पाचव्या प्रवेशातलं उत्तर दिलं गेलं, की मधली आठ पानं गळतात. सावरायला तिसरं पात्र नसतं. म्हणून प्रत्येक वेळी त्या वाक्याला वेगळी कृती जोडावी. एकदा कप पुसताना, एकदा चष्मा शोधताना, एकदा पाठमोरी. ठरवलेल्या स्तब्धता प्रॉम्प्टरच्या, म्हणजे विंगेतून विसरलेलं वाक्य सुचवणाऱ्याच्या, वहीत लाल पेन्सिलीने मांडाव्यात, नाहीतर नेमक्या भरलेल्या शांततेत विंगेतून शब्द येतो. बशीत बिस्किटंही नकोत, चिवडाही नको. घसा कोरडा पडून लांब वाक्य अडकतं. केळं चालतं.

काळोख पंधरा सेकंदांच्या वर गेला की प्रेक्षागृहात मोबाइल उजळतात. सात प्रवेश असतील तर बाग, हॉटेल, दवाखाना असं सामान हलवत बसू नका. एक बाक, एक टेबल ठेवा, डाव्या-उजव्या भागाचे दिवे स्वतंत्र डिमरवर (उजेड कमी-जास्त करायच्या बटणावर) घ्या आणि एक उजळताना दुसरा मावळू द्या. चाळीस सेकंदांत नऊवारी तर सोडाच, पाचवारीही बदलत नाही. शाल किंवा स्वेटर बदलला तरी दिवस बदलल्याचं कळतं. कुजबुजीची वाक्यं टांगलेल्या माइकवर विसंबून ठेवू नयेत. पंखे चालू ठेवून शेवटच्या रांगेतून तालीम ऐकावी.

आणि वेळ. ज्यांच्यासाठी हे नाटक आहे त्या एकट्या बाया, एकटे गृहस्थ रात्री साडेनऊच्या प्रयोगाला येत नाहीत. तासगाव, इस्लामपूरकडचे तर नाहीतच. शनिवारी पाचला पडदा उघडावा, आठच्या आत पडावा. तिकीट खिडकीवर 'किती जण?' असं विचारताना एकाच खुर्चीची मागणी सहज स्वीकारली जावी आणि वाटेलगतच्या काही खुर्च्या अशा प्रेक्षकांसाठी प्रयोगाच्या दिवसापर्यंत राखून ठेवाव्यात.

कळावे,
काही हौशी रंगकर्मी, सांगली