मेथी बाबांनी निवडायची

ती. आई व बाबा यांना साष्टांग नमस्कार.

फोनवर हे सगळं बोलणं होत नाही. बाबा फोन स्पीकरवर टाकतात, आई लांबूनच 'जेवलीस का' विचारते, मग पाऊस किती झाला यावर गाडी जाते आणि मुद्दा राहून जातो. म्हणून लिहायला बसले. दोघं एकत्र बसून वाचा. बाबा, तुम्ही मोठ्याने वाचा आणि मधलं काही गाळू नका, कारण यातलं बरंचसं तुमच्यावरच आहे.

दिवाळीत आले तेव्हा फ्रिजच्या दारावरचं वेळापत्रक पाहिलं. पट्टीने आखलेले रकाने, लाल शाईत वेळा. पहाटे साडेपाचला लिंबू-पाणी, सहाला दुधीचा रस, साडेसहाला मोबाइलवरचं ध्यान, सातला फिरणं, आल्यावर सोललेले बदाम, मग नाचणीचं सत्त्व. संध्याकाळी काढा, रात्री हळदीचं दूध. सगळी नोकरी वाहतूक नियंत्रकाच्या केबिनमध्ये काढलेला माणूस स्वतःच्या तब्येतीचंही वेळापत्रकच करणार, त्यात नवल नाही. निवृत्तीनंतर तुम्ही खाटेवर पडून राहिला नाहीत, याचं मला मनापासून कौतुक आहे. पण त्या कागदावर एक रकाना राहिलाय. हे सगळं करणार कोण?

दुधी आई किसते. लिंबू आई पिळते. बदाम रात्री तीच भिजत घालते आणि सकाळी तीच सोलते. काढ्याचं पातेलं, मिक्सरचं भांडं, गाळणं, सगळं तिच्याच हातून घासलं जातं. तुम्ही साडेपाचला उठता म्हणून ती पाचला उठते. आणि तुम्ही हॉलमध्ये डोळे मिटून बसलात की तेवढा वेळ मिक्सर लावायचा नाही, कुकर चढवायचा नाही, अशी ताकीद. आपल्या घरात आरोग्य आलं ते आईच्या कामात भर घालून आलं. मी दिवसभर साठीपुढच्या बायकांचे गुडघे आणि खांदे बघते. नवऱ्याची शुगर अगदी आटोक्यात असते, आणि ती आटोक्यात ठेवणारीचा हात खांद्याच्या वर जात नसतो. आता आपल्याच घरात तेच दिसायला लागलं म्हणून हा एवढा खटाटोप.

तर आधी काय काढून टाकायचं ते सांगते.

दुधीचा रस आजपासून बंद. दुधी कधी कधी कडू निघतो; त्यात क्युकरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात आणि कच्च्या रसातून ती थेट पोटात जातात. असा कडू रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावली आहेत. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञांनीच सांगून ठेवलंय की आधी चव बघा, कडू लागला तर टाकून द्या, आणि इतर रसांत मिसळू नका, कारण मग कडूपणा कळतच नाही. तुमचा तो दुधी-आवळा-कारल्याचा तिहेरी प्रकार म्हणजे नेमका हाच धोका. दुधीची चणाडाळ घालून आई जी भाजी करते ती खा. तीही आधी तुकडा चाखूनच.

दुसरं ते घड्याळ. धाकट्याने प्रेमाने पाठवलंय, मान्य. पण सकाळी 'झोप कशी झाली' विचारलं की तुम्ही मनगटाकडे बघता! झोपेला गुण कमी पडले की दिवसभर थकल्यासारखं वाटतं म्हणता. झोप झाली की नाही हे आपलं अंग सांगतं. रात्री घड्याळ काढून कपाटात ठेवा. फिरताना घाला हवं तर.

बीपीचं मशीन मात्र राहू दे, पण दर दोन तासांनी नको. आणि जिना चढून आल्या आल्या, पेपरवाल्याशी बिलावरून वाद घालता घालता तर मुळीच नको. चहाला किंवा फिरण्याला अर्धा तास होऊन गेलेला असावा. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं, दंड छातीच्या पातळीला टेकवायचा आणि आकडा येईपर्यंत बोलायचं नाही. ही गप्प पाच मिनिटं तुम्हाला त्या मोबाइलवरच्या ध्यानापेक्षा जास्त मानवतील असा माझा अंदाज आहे. आणि बाबा, त्याच खुर्चीत नंतर आईला बसवा. तिचं बीपी शेवटचं कधी पाहिलं ते तुम्हा दोघांनाही आठवत नव्हतं.

आता ध्यानाबद्दल. डोळे मिटले की विचार येतात, म्हणून तुम्ही खट्टू होता. बाबा, विचार येणारच. मन भरकटलं हे लक्षात येणं आणि ते परत आणणं, व्यायाम आहे तो एवढाच. शंभरदा भरकटलं तर शंभरदा आणायचं. अमेरिकेत जॉन कबाट-झिन नावाच्या माणसाने १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये, जुनाट दुखण्यांनी बेजार झालेल्या पेशंटांसाठी काही आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. आज माइंडफुलनेस म्हणून जे जगभर चालतं त्यातलं पुष्कळसं तिथून आलं. त्यांनी ते घेतलं झेन आणि विपश्यना या बौद्ध परंपरांमधून, धार्मिक भाग बाजूला ठेवून. विपश्यना तुम्हाला नवी नाही. तुमच्या डेपोतले मित्र इगतपुरीला दहा दिवस मौनात राहून आले होते आणि आल्यावर सलग तीन तास बोलत होते ते मला अजून आठवतंय. गोएंका गुरुजींचं ते केंद्र १९७६ पासून आहे.

तर त्या अमेरिकन वर्गात पहिला धडा काय, तर एक मनुका खायची. आधी हातात घेऊन बघायची, सुरकुत्या बोटाला कशा लागतात ते, मग वास, मग जिभेवर ठेवायची, आणि कितीतरी वेळाने चावायची. शिकायचं काय, तर हातात आहे ते करताना तिथेच असणं. यासाठी हॉल लागत नाही, घर चिडीचूप लागत नाही.

म्हणून तुमचा साडेसहाचा रकाना मी बदलते आहे. बाबा, त्या वेळेत मेथी निवडायची. हसू नका. टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत, पुढ्यात परात आणि वर्तमानपत्राचा कागद. एकेक काडी उचलायची, कोवळी कुठपर्यंत आहे ते नखाला कळतं, तिथे खुडायची. पिवळं पान वेगळं. वास हाताला लागतो तो घ्यायचा. मध्येच आमदारकी, पेन्शनची थकबाकी, शेजाऱ्याने लावलेली गाडी, जे काय डोक्यात येईल ते आलं की परत काडीवर. मेथी नसेल त्या दिवशी लसूण सोला, मटार सोला, तांदूळ निवडा. बदाम तर तुमचेच, ते तुम्हीच सोलायचे. एक अट आहे. याला 'आईला मदत' म्हणायचं नाही. हा तुमचा रियाज आहे. परात आत नेऊन 'बघ, केलं हां' असं सांगायचं नाही आणि चहाची वाट बघत उभंही राहायचं नाही.

आई, आता तू. तुला काही शिकवायचं म्हटलं की तू 'मला कुठे वेळ' म्हणतेस, आणि ते खरंच आहे, म्हणून वर एवढी वजाबाकी केली. त्यातून जो वेळ सुटेल तो तुझा. त्यात लाडू वळायला घेऊ नकोस.

तुझ्याकडे जपमाळ आहे. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास छापून आला होता. इटलीतल्या बर्नार्डी नावाच्या डॉक्टरांनी काही निरोगी माणसांना ख्रिस्ती लोकांची माळेवरची प्रार्थना लॅटिनमध्ये म्हणायला लावली आणि 'ॐ मणिपद्मे हुं' हा मंत्रही. दोन्हीत श्वास आपोआप मिनिटाला साधारण सहावर आला, आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची जी यंत्रणा असते तिचा प्रतिसाद सुधारलेला दिसला. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. तुझी माळ मात्र एक्स्प्रेस गाडीसारखी सुटते, कारण कणीक मळायची राहिलेली असते. माळ अर्धीच कर, पण सावकाश. श्वास सोडताना नाव, तेही लांबवून. देवाला घाई नसावी. आणि खाली बसू नकोस, खुर्चीत बस. खुर्चीत केलं तर पुण्य कमी लागतं हे तुला कुणी सांगितलं? इथे पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, पट्टे, लोड वापरूनच म्हाताऱ्या आणि आजारी माणसांकडून योगासनं करून घेतली. जगभर त्यांची ती पद्धत गेली. तुझा गुडघा मी बघितलाय. पाटावरून उठताना तू जो आवाज करतेस तोही ऐकलाय.

मावशी गेल्यानंतर डोळे मिटून बसलं की रडू येतं असं तू म्हणालीस. मग डोळे मिटूच नकोस. काही जणांना तसं बसणं खरंच मानवत नाही, त्यात हट्ट करण्यासारखं काही नाही. उघड्या डोळ्यांनी कुंड्यांना पाणी घाल, गच्चीत दोन फेऱ्या मार, टाच टेकते, मग चवडा, एवढंच बघत. पण आई, झोप उडाली, जेवण नकोसं झालं, भजनी मंडळातही जावंसं वाटेना, आणि असं दोन आठवड्यांवर चाललं, तर ती गोष्ट ध्यानाने उरकायची नसते. डॉक्टरांना सांगायचं. मला सांगायचं. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा आहे, तिचा नंबर १४४१६ आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. बाबा, हा नंबर फ्रिजवर लिहा.

आता जेवण. माझी खरी मागणी ही आहे, बाकी काही केलं नाहीत तरी चालेल. बाबा बातम्या बघत जेवतात, आई त्यांना गरम पोळ्या वाढते आणि मग ओट्याशी उभ्याने, राहिलेलं, गार झालेलं खाते. इतकी वर्षं. हे मला आता बघवत नाही. पोळ्या आधी करून डब्यात ठेवा, भांडी टेबलावर मांडा, टीव्ही बंद करा आणि दोघं एकदम बसा. ज्याने त्याने वाढून घ्यायचं. पहिले चार घास न बोलता खा, भाजीत आज काय पडलंय ते ओळखत. मग बोला, भांडा, काय हवं ते करा. पोळी मऊ राहत नाही म्हणून तुम्ही दोघंही कुरकुर कराल. करा. मऊ पोळीपेक्षा आई शेजारी बसलेली बरी.

आणि बाबांसाठी कमी मिठाची वेगळी भाजी, तिच्यासाठी वेगळी, हेही नको. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे चहाचा सपाट चमचाभरही नाही. हे दोघांनाही लागू आहे. एकच भाजी, बेताच्या मिठाची. लोणचं, पापड, सांडगी मिरची टेबलावर रोज नको. खर्डा सोडायला सांगत नाही, सातारकर माणसाला तसं सांगून उपयोगही नाही, पण बोटभरच.

माझ्या धंद्यातलं थोडं सांगते आणि थांबते. तुमच्या वयात मला सगळ्यात जास्त भीती पडण्याची वाटते. रात्री लघवीला उठाल तेव्हा ताडकन उभं राहू नका. आधी कुशीवर, मग काठावर बसा, पाय जमिनीला लागू द्या, चार-पाच श्वास घ्या, डोकं गरगरत नाही ना ते बघा, आणि मग उठा. लक्ष ठेवून जगणं म्हणतात त्यातला सगळ्यात उपयोगी भाग हाच असेल. पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद सांभाळणारे व्यायाम करावेत असं सांगतात. नुसतं चालणं पुरत नाही, बाबा. दूध तापवताना ओट्याला हात धरून एका पायावर उभे राहा, मग दुसऱ्या. दूध तुम्ही तापवायचं, हे ओघानेच आलं. आई, तू खुर्चीतून हात न टेकता सावकाश उठायचं आणि सावकाश बसायचं, सुरुवातीला पाच वेळा. गुडघ्यात कळ आली तर थांब आणि खुर्चीवर उशी ठेव, म्हणजे बैठक उंच होईल.

पुढच्या महिन्यात शनिवार-रविवार धरून येते. बाथरूममध्ये धरायला दांडे बसवून घेईन, प्लंबरशी मीच बोलते, बाबांनी घासाघीस करू नये. न घसरणारी पट्टीही आणते. तोवर नवीन वेळापत्रक बाबांच्या अक्षरात तयार ठेवा, त्यात 'कोण करणार' हा रकाना हवा आणि त्यात आईचं नाव निम्म्यापेक्षा जास्त वेळा दिसता कामा नये. मी मोजणार आहे.

आई, मेथीत सुरुवातीला काड्या राहतील. मागून जाऊन पुन्हा निवडत बसू नकोस. तशीच फोडणीला टाक आणि त्यांनाच पहिली वाढ.

तुमची,
ताई